पर्चीच्या खिडकीपर्यंत सोबत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुदामानगरमधल्या तुमच्या मराठी बायकांच्या भिशीने यंदा चाळीस हजार रुपये समाजकार्यासाठी बाजूला काढले आहेत. सिंधी कॉलनीच्या बाजूला पाकिस्तानातून आलेली, लाँग टर्म व्हिसावर राहणारी बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी आरोग्य शिबिर घ्यायचं, तर डॉक्टर कुठून आणायचे, कोणत्या तपासण्या ठेवायच्या आणि परवानगी लागते का.

ताई, आधी मनापासून आभार. इंदूरमध्ये या माणसांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या घरी जाऊन बसणारे फार थोडे. मी छब्बीस वर्षं इथल्या वस्त्यांत आरोग्याचं काम केलं, आधी एएनएम म्हणजे आरोग्यसेविका म्हणून, नंतर सुपरवायझर म्हणून. त्या अनुभवावरून माझं स्पष्ट मत सांगते: शिबिर घेऊ नका. ते पैसे आणि तुमच्या बारा-चौदा जणींचा वेळ दुसऱ्या कामाला लावा.

आम्ही अशी शिबिरं खूप घेतली. एका रविवारी धर्मशाळेच्या हॉलमध्ये सकाळपासून दीड वाजेपर्यंत माणसं येत होती. वजन, बीपी, शुगर, डोळे तपासले, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या वाटल्या, बॅनरखाली फोटो निघाला. त्यात एका बाईचं बीपी १९० च्या वर होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘उद्या मोठ्या दवाखान्यात दाखवा’ लिहून दिलं. तीन महिन्यांनी पुढच्या शिबिरात ती पुन्हा आली. तीच चिठ्ठी, चार घड्या घातलेली, तिच्या ब्लाउजमधून निघाली. ती मोठ्या दवाखान्यात गेलीच नव्हती. का, तर तिथे आत कसं जायचं, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, आधार मागितलं तर काय सांगायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा दिवसभर दुकानावर आणि सासू म्हणाली, उगाच सरकारी जागेत जाऊन कशाला आपलं नाव लिहून द्यायचं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. सोयी या शहरात आहेत. एमवाय हा मोठा सरकारी दवाखाना आहे, बायकांसाठी एमटीएच आहे, टीबीसाठी मनोरमाराजे आहे, मनाच्या आजारांसाठी बाणगंगा आहे, वॉर्डावॉर्डात संजीवनी क्लिनिक आहेत. अडतं ते घराचा उंबरठा आणि पर्चीची, म्हणजे केसपेपरची, खिडकी यांच्या मधल्या अंतरात. तेवढं अंतर कुणीतरी सोबत चाललं की बाकीचं बरंचसं आपोआप होतं. तुमच्या भिशीने ती सोबत करावी.

आता कागदांविषयी, कारण सुरुवात तिथूनच होते. यातल्या प्रत्येक घरात एक पिशवी असते. प्लास्टिकची, चेनवाली, बहुधा कपाटाच्या वरच्या कप्प्यात. तिच्यात पाकिस्तानचे हिरवे पासपोर्ट, व्हिसाचे कागद, भाडेकरार, पोरांच्या शाळेच्या पावत्या, सगळं एकत्र. कुणी नवीन माणूस घरात आला की ती पिशवी बाहेर येते, न विचारता. तुम्ही ती उघडायला सांगू नका. ‘मी कागद बघायला आले नाही, तब्येतीचं विचारायला आले,’ एवढं पहिल्याच वाक्यात सांगा. त्यानंतर बोलणं मोकळं होतं, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

पण तुम्हाला स्वतःला कायदा थोडा माहीत हवा, म्हणजे खिडकीवर गप्प बसावं लागत नाही. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून या मंडळींची सगळी भिस्त लाँग टर्म व्हिसावर. हा व्हिसा असला की आधार मिळतं, पॅन मिळतं, बँकेत खातं उघडता येतं, स्वतः राहण्यापुरतं घर घेता येतं, काम करता येतं. २०१६ च्या अखेरीस केंद्राने ज्या मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत इंदूर आणि भोपाळ होते. त्यामुळे आपल्या कलेक्टोरेटला ही प्रकरणं नवीन नाहीत. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा मार्ग आहे, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्यानंतर आलेल्यांची वाट बरीच लांबची. नागरिकत्वाच्या कामात मात्र तुम्ही पडू नका. त्यासाठी सिंधी पंचायतीत, म्हणजे त्यांच्या समाजाच्या मंडळात, जाणती माणसं आहेत, आणि अर्धवट सल्ल्याने कुणाचं वर्षभराचं काम बिघडू शकतं.

आरोग्यापुरतं सांगायचं तर दोन निकाल लक्षात ठेवा. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव धोक्यात असलेल्या माणसावर आधी उपचार, कागदपत्रं नंतर. आणि १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं की जगण्याचा हक्क या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, नागरिक असो वा नसो. खिडकीवर वकिली करायची नाही. तिथला क्लार्क सकाळपासून हजार माणसं बघतो, त्यालाही चुकायची भीती असते. शांतपणे ‘व्हिसा आहे, आधार आहे, पर्ची करून द्या’ म्हणायचं. नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना गाठायचं.

आधारविषयी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. यांच्या आधारची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते. व्हिसा वाढवून मिळाला आणि आधार अद्ययावत करायचं राहिलं, की बँकेचं केवायसी अडतं. मग टीबीच्या पेशंटचे पोषणाचे पैसे खात्यात येत नाहीत आणि घरच्यांना वाटतं, सरकारने आपलं नाव काढून टाकलं. म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक घरासमोर एकच तारीख लिहा: व्हिसा कधी संपतो. पासपोर्टचा नंबर नको, झेरॉक्स नको, मोबाइलमध्ये फोटो तर अजिबात नको.

सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू आहे. परदेशी नागरिक दवाखान्यात भरती झाला तर दवाखान्याने तशी माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे कळल्यावर काही घरांत धास्ती बसली आहे. त्यांना नीट समजावून सांगा की व्हिसा चालू असेल तर ही फक्त नोंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हाही हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम राहतील असं सरकारने जाहीर केलं होतं. तरी त्या आठवड्यांत कितीतरी बायकांनी दवाखाना टाळला. भीती अशी अफवेवर चालते, आणि अफवेला उतारा म्हणजे ओळखीचं माणूस.

आता टीबी. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमचा उपयोग सगळ्यांत जास्त इथे होईल.

एका घरात दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होती. मधली सून, पंचविशीची, दोन महिने खोकत होती. पदराने तोंड दाबून, आणि आम्ही गेलो की मागच्या खोलीत. सासूला वाटत होतं, टीबी निघाला तर व्हिसा वाढवून मिळणार नाही. इतक्या वर्षांत टीबीमुळे कुणाचा व्हिसा अडलेला मी पाहिलेला नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती सून आली सोबत. बेडका तपासला, टीबी निघाला, त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे गोळ्या. सगळं मोफत, आणि औषधासाठी नागरिकत्वाचा दाखला लागत नाही.

आठव्या दिवशी तिने गोळ्या बंद केल्या. आम्हाला कळलं बाराव्या दिवशी. लघवी केशरी रंगाची होत होती, तिला वाटलं रक्त जातंय. रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाने तसं होतंच, घाम आणि अश्रूसुद्धा कधी कधी केशरी होतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर खिडकीतून, रांगेच्या गलक्यात, घाईघाईत. त्यात माझीही चूक होती, कारण औषध सुरू झालं त्या दिवशी मी सोबत होते. तेव्हापासून माझा नियम आहे: टीबीचं औषध सुरू झालं की पहिल्या आठवड्यात दोनदा घरी जायचं आणि लघवीचा रंग आपणहून विचारायचा. उलट्या होतात का, जेवण जातं का, डोळे पिवळे दिसतात का, हेही. डोळे पिवळे दिसले तर गोळ्या तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर.

ती मुलगी पूर्ण बरी झाली. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली, लहान पोरांना प्रतिबंधक औषध मिळालं. पेशंटला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. पण ते खात्यात जमा होईपर्यंत घरात खायला हवं. इथे तुमच्या चाळीस हजारांचा खरा उपयोग आहे. २०२२ पासून ‘निक्षय मित्र’ ही सोय आहे. कोणीही व्यक्ती किंवा गट पेशंटच्या संमतीने सहा महिने दर महिना पोषणाची टोपली देऊ शकतो: डाळ, तेल, शेंगदाणे, दूध पावडर असं. तुमची भिशी नाव नोंदवून दोन-तीन पेशंट घेऊ शकते. टोपली घेऊन जाल तेव्हा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या बघा. टोपलीने पोट भरतं आणि पट्ट्यांवरून औषध चाललंय की नाही ते कळतं.

मग लिपीचा प्रश्न. हा इथल्या फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सिंधमधून आलेली माणसं आपल्याशी हिंदीत व्यवस्थित बोलतात, त्यामुळे आपल्याला वाटतं त्यांना वाचताही येतं. शाळा तिकडे झालेली असते, सिंधी आणि उर्दू, दोन्ही उजवीकडून डावीकडे. देवनागरी पुष्कळांना येत नाही. एका मावशींच्या शुगरच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी स्वतः पेनाने लिहिलं होतं: सकाळी १, रात्री १. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला पाठवून विचारलं, ‘नौ गोली एक साथ?’ आपला देवनागरी १ त्यांच्या लिपीतल्या नऊच्या आकड्यासारखा दिसतो. त्यांनी विचारलं म्हणून वाचल्या. ते पाकीट आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून आम्ही आकडा लिहीतच नाही. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र, आणि जितक्या गोळ्या तितके ठसठशीत ठिपके. शिवाय १९४७ मध्ये आलेल्या कुटुंबांतले काही म्हातारे अजून ती लिपी लिहितात. अशा एका आजोबांकडून आम्ही ‘उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’, ‘हे संपेपर्यंत थांबवू नका’ अशा दहा-बारा ओळी सुंदर अक्षरात लिहून घेतल्या आणि झेरॉक्स काढल्या. ते फार आनंदाने करतात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या आईवडिलांना कुणीतरी असंच विचारलं असेल.

थॅलेसेमियाबद्दल, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराबद्दल. आपल्या देशात साधारण शंभरातले तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतात, सिंधी समाजात हे प्रमाण त्याहून बरंच जास्त. वाहकाला स्वतःला काही त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मुलाला थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. इंदूरमधला जुना सिंधी समाज याबाबत आता पुष्कळ जागा आहे. नव्याने आलेल्यांत लग्नं अजून घाईने ठरतात, तपासणी राहून जाते.

गरोदर बाईची एचबीए-टू ही वाहक ओळखणारी रक्ततपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यायची. प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर लगेच नवऱ्याची. दोघं वाहक निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी शक्य असते. उशीर झाला की पर्याय एकेक करून संपत जातात, आणि मग त्या जोडप्यासमोर बसून बोलणं अतिशय अवघड होतं. या तपासणीसाठी पैसे अडू देऊ नका. तुमच्या चाळीस हजारांतले काही यासाठी वेगळे ठेवा.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना रक्तापेक्षा लोहाचं समजावून सांगायला लागतं. वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठतं, हृदयात आणि यकृतात जमतं, ते बाहेर काढायला रोज औषध लागतं. एक आई डेफेरासिरॉक्सची पाण्यात विरघळणारी गोळी मुलाला दुधासोबत गिळायला लावत होती, कारण उपाशीपोटी त्याला मळमळायचं. मी तिच्या ओट्यापाशी उभी राहिले. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, गोळी टाकली, चमच्याने हळूहळू ढवळली, पांढुरकं झाल्यावर मुलाला प्यायला दिलं. तळाशी राहिलेल्यात पुन्हा थोडं पाणी घालून तेही दिलं. मग अर्धा तास खायला काही नाही. तो आठ वर्षांचा मुलगा घड्याळ समोर घेऊन बसला आणि दर दोन मिनिटांनी मला वेळ सांगत राहिला. आईला एवढंच दाखवायला हवं होतं, आणि ते शिबिराच्या टेबलावर दाखवता आलं नसतं.

तिकडून आलेल्यांची आणखी एक तपासणी मी आग्रहाने सांगते: हिपॅटायटिस बी आणि सी. पाकिस्तानात हिपॅटायटिस सीचं प्रमाण फार मोठं आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया. २०१९ मध्ये सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यात शेकडो मुलांना एचआयव्हीची लागण झाली, तीही मुख्यतः सुयांमुळे. यात त्या लोकांचा काहीच दोष नाही, म्हणून ‘तुमच्याकडे हा आजार असतो’ अशा सुरात बोलायचं नाही. ‘तिकडे कधी सलाइन-इंजेक्शन झाली असतील तर एकदा रक्त बघून घेऊ,’ इतकंच म्हणायचं. सी निघाला तर २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत औषध आहे. बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या घेऊन तो पूर्ण बरा होतो. आपल्या मोहल्ल्यातसुद्धा ‘एक सुई लावून द्या’ म्हणणारे कमी नाहीत, पण तो विषय वेगळा. आणि तिकडून नुकत्याच आलेल्या माणसाला ताप असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. २०१६ पासून सिंधमध्ये असा टायफॉइड पसरला आहे, ज्याला नेहमीची औषधं, अगदी सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शनही लागू पडत नाही. प्रवासाची माहिती मिळाली की डॉक्टर पहिल्या दिवसापासून वेगळा विचार करतात.

लसीकरण सोपं आहे. तिकडचं कार्ड असेल तर ते फेकू नका, सहा-दहा-चौदा आठवड्यांचे डोस दोन्हीकडे सारखेच आहेत. कार्ड घेऊन एएनएमकडे जा, राहिलेले डोस ती देईल. कार्ड हरवलं असेल तर तसं सांगा, त्यासाठी कुणी रागावत नाही. पोलिओचे थेंब चुकवू नका, तिकडे तो अजून संपलेला नाही.

बाळंतपण. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी हे २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि बाळ आजारी पडलं तर एक वर्षापर्यंत त्याचे उपचारही. ही सोय तिथे येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईसाठी आहे. रोख मदतीसाठी मात्र समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तिथे काम बहुधा अडतं. त्याच्यामागे धावून बाईचा जीव दमवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या, तेवढ्या मुदतीत ती विनामूल्य होते. जन्मदाखल्याने बाळ भारतीय नागरिक होत नाही, पण पुढची प्रत्येक पायरी त्या कागदावर उभी असते.

मोठ्या खर्चाविषयी खोटी आशा दाखवू नका. आयुष्मान कार्डाचं पाच लाखांचं संरक्षण यांना नागरिकत्व मिळेपर्यंत बहुतेक मिळत नाही. एका गृहस्थांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोन महिने त्या कार्डाच्या मागे फिरलो. एका कार्यालयाने दुसरीकडे धाडलं, दुसऱ्याने तिसरीकडे, आणि पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हणायला कुणीच तयार नव्हतं. ते दोन महिने त्यांच्या आयुष्यातून गेले. आता मी पहिल्या दिवशीच मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातला दर विचारते आणि दुसऱ्या दिवशी सिंधी पंचायतीकडे जाते.

मनाच्या बाबतीत तुम्हाला ‘डिप्रेशन’ हा शब्द ऐकू येणार नाही. छातीत घाबरल्यासारखं होतं, झोप येत नाही, डोकं जड, हातपाय दुखतात, असं ऐकू येईल. पुरुष जास्त गप्प असतात. तिकडे दुकान होतं, नाव होतं, इथे दुसऱ्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवतात. अशा माणसाला आधी हकीकत सांगू द्या. सगळी नाही, त्याला सांगावीशी वाटेल तेवढीच. ‘तिकडे काय झालं?’ असं तुम्ही विचारू नका. झोप दोन आठवडे नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, हिंदीत बोलता येतं. फोन तुम्ही लावून द्या, त्याच्या हातात द्या आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसा.

फोटोबद्दल मी कठोर आहे. टोपली देताना, दवाखान्यात, घरात, एकही फोटो नको. यांचे भाऊ-बहिणी, म्हातारे आईवडील अजून तिकडे आहेत. इथला फोटो तिथे कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही. भिशीच्या ग्रुपवर ‘आज एका पाकिस्तानी कुटुंबाला मदत केली’ असं लिहिलं, की शेजारी, घरमालक आणि पोरांच्या वर्गातली मुलं, सगळ्यांपर्यंत ते पोचतं. आणि ‘पाकिस्तानी’ हा शब्दच त्यांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त आला आहे, तिकडे ‘हिंदू’ आला होता तसा.

तुमच्याकडे आणखी कुणी मदतीचा हात मागत असेल, झाबुआ-आलिराजपूरकडून बांधकामावर आलेले भिल्ल कुटुंब वगैरे, तर त्यांचीही अडचण बव्हंशी हीच. ते नागरिक आहेत, पण समग्र आणि रेशन गावाकडचं, त्यामुळे शहरातल्या खिडकीवर तेही परकेच. त्यांच्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी जरूर करून घ्या, पोरगं सारखं हातपाय दुखतात म्हणत असेल तर आधी.

आता प्रत्यक्ष काय करायचं. तुमच्यात दोन-तीन निवृत्त शिक्षिका आणि एखादी बँकेतली असेलच, सुदामानगरात नसेल असं होणार नाही. त्यांना हे काम उत्तम जमेल, कारण फॉर्म भरताना त्यांचा हात थरथरत नाही आणि खिडकीवर आवाज चढत नाही. जोड्या करा. एका जोडीकडे तीन घरं, जास्त नाहीत. पहिले दोन आठवडे नुसतं जाऊन बसा, चहा घ्या, पोरांना गणित शिकवा. स्वयंपाकघरातून आत बोलावणं आलं की समजा ओळख झाली. त्या भागातल्या आशाताईंना आणि अंगणवाडी ताईंना आधी भेटा. त्यांना डावलून काम केलंत तर ते टिकणार नाही, आणि त्यांना त्या गल्लीतलं जितकं माहीत असतं तितकं आपल्याला वर्षभरात कळणार नाही. झुलेलाल मंदिरात किंवा टिकाण्यात, म्हणजे सिंधी धर्मस्थानात, वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला.

पैशांचा माझा हिशोब असा: निम्मे टीबीच्या टोपल्यांना, उरलेल्यांतले काही थॅलेसेमियाच्या तपासणीला आणि बाकी रिक्षाभाड्याला. रिक्षाभाडं ऐकून तुम्हाला किरकोळ वाटेल. पण पर्चीला दहा-वीस रुपये आणि रिक्षाला जाऊन-येऊन अडीचशे, अशी यांची अडचण असते, आणि बाई म्हणते, पुढच्या महिन्यात बघू.

परवानगीचं विचारलंत, तर सोबत जायला परवानगी लागत नाही. पहिल्यांदा जाल तो सोमवार नको, सोमवारी ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. बुधवारी सकाळी आठला रिक्षा त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बोलवा, दारात नको. पाण्याची बाटली, सुटे पैसे, पेन आणि जुन्या रिपोर्टांसाठी एक फाइल सोबत घ्या. बाईला नंबर लागेपर्यंत बाकावर बसवा आणि रांगेत तुम्ही उभ्या राहा. पर्ची हातात आली की ती तिच्या हातात द्या आणि खोलीचा नंबर तिला वाचता येतो का ते बघा. नसेल येत तर दाराचा रंग दाखवून ठेवा, पुढच्या वेळी ती एकटी येईल तेव्हा तिला उपयोगी पडेल.